नूरमहंमदचा खोकला

"माज्याच घरात मला पाटा सरकवायची चोरी!"

आत्याबाई चुलीपुढं बसून राखेशी बोलावं तसं पुटपुटत होत्या. ऐकू यावं इतकं मोठं आणि ऐकलंच नाही म्हणता यावं इतकं हळू, हे माप माझ्या सासूबाईंना बरोबर साधलेलं. "वाईच उजेडाकडं घेतला तर काय आभाळ कोसळतंय? पाटा न्हाई, जनू द्येव बसवलाय."

मी तव्यावरची भाकरी उलटली, उठले, आणि पाटा होता तिथं, भिंतीच्या कडेला, परत नेऊन ठेवला.

आमच्या घरात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली होती. दारातनं आत आलं की चार पावलांवर डाव्या हाताला पाण्याचा रांजण, सातव्या पावलाला चूल, उजव्या हाताच्या खुंटीला कंदील, खुंटीखाली काठी. मधल्या वाटेत बोटभर लाकूडसुद्धा पडू द्यायचं नाही. ही शिस्त दोन वर्षांपूर्वी मी लावली, आणि का लावली ते कुणाला सांगितलं नाही. आत्याबाईंना ते माहीत होतं. त्यांना माहीत आहे, हे मला माहीत होतं. म्हणून तर त्या पाट्यावरनं कुरकुरायच्या. मूळ गोष्टीवरनं कुरकुरायला आमच्यात कुणाचीच जीभ रेटत नव्हती.

मूळ गोष्ट एवढीच, की आमच्या ह्यांना दिसेनासं झालं होतं.

अगदी अंधार नव्हे. उजेड कळायचा. दारात कुणी उभं राहिलं तर उजेड अडला एवढं कळायचं; कुणी अडवला ते आवाजावरनं. लोणावळ्याला डॉक्टर होता, पण डॉक्टरकडं नेणं म्हणजे बोलणं आलं, आणि बोलायचं तर कुणीतरी पहिल्यांदा तोंड उघडायला हवं.

आमचे हे म्हणजे भिमाजी. बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये ही रीत. पण कागदाला कान नसतात, तेव्हा इथं घेते. कुसगावच्या वरच्या रानापासून थेट पवनेच्या अंगापर्यंत साहेबलोकांना जनावर दाखवावं ते भिमाजीनं. बंदूक साहेबाची, जनावर रानाचं. ह्यांचं स्वतःचं म्हणाल तर फक्त डोळे. वाळक्या पानावर उमटलेला पंजा बघून, तो कधी गेला, पोटभर होता की उपाशी, हे सांगायचे. आमच्याकडं रानात शिरल्यावर बिबळ्याचं नाव काढत नाहीत. त्याला नुसतं 'मोठा' म्हणायचं. नाव काढलं की येतो, असं आत्याबाई सांगतात. घरात नवऱ्याचं नाव नाही, रानात मोठ्याचं नाव नाही. त्यात आणखी डोळ्यांचं नाव कुणी काढलं नाही, तर ते आम्हाला फारसं वेगळं वाटलं नाही.

मग दोन वर्षं हे शिकार दाखवत होते ती कशी? त्याचं उत्तर नूरमहंमद.

नूरमहंमद ह्यांचा लहानपणापासूनचा सोबती. लोणावळ्याच्या ठेसनावर टांगा हाकायचा, आणि हाक्याचा, रानातनं जनावर उठवायचा दिवस आला की टांगा मेव्हण्याच्या ताब्यात देऊन ह्यांच्याबरोबर रानात. हाकेकऱ्यांचा तोच म्होरक्या. दोन वर्षांपूर्वी त्याला अचानक खोकला लागला. हा खोकला घरी येत नसे, टांग्यावर येत नसे, फक्त रानात यायचा. एकदा खोकला की जनावर डावीकडं, दोनदा खोकला की उजवीकडं, नुसता घसा खाकरला की समोर. ह्यांनी तिकडं बोट करायचं, साहेबानं बार काढायचा. त्या दोघांनी ही खूण बसून ठरवली असेल असं मला वाटत नाही. एक खोकला, दुसऱ्यानं मान वळवली, झालं. पुढं पुढं सगळेच हाकेकरी सामील झाले. पंजा दिसला की कुणीतरी बरोबर त्याच जागी बसून मोठ्यानं विव्हळत पायातला काटा काढायचा. सगळ्यांनी ह्यांचा मान राखला. जीव लावून राखला. आणि त्या मानानंच पुढं आमच्या गळ्यात दोर आवळला.

कारण फेल्टन साहेबाला कोण सांगणार? मुंबईच्या एका गिरणीतला हा मोठा साहेब, लोणावळ्याला त्याचा बंगला. पूर्वी एकदा जखमी मोठा त्याच्या अंगावर आला होता. तेव्हा ह्यांचे डोळे शाबूत होते. ह्यांनी साहेबाला खांद्यानं बाजूला ढकललं आणि भरलेली दुसरी बंदूक हातात दिली. तेव्हापासून साहेब म्हणायचा, "भिमाजी, तुम हमारा आंख है." चेष्टेत नव्हे. खरंच मानायचा.

माघातल्या एका सकाळी साहेबाच्या कारकुनाच्या हातचं पत्र आलं. बाळबोध अक्षर होतं म्हणून मला वाचता आलं. मोडी असतं तर चार घरं फिरावं लागलं असतं. आम्ही सगळे ओसरीवर होतो. मी वाचलं ते असं: साहेब आता नोकरी सोडून विलायतेला परत जाणार. त्याआधी वैशाखातल्या बोटीनं आफ्रिकेत सफारीला जायचं. मोंबासा बंदर, तिथून आगगाडी, मग मोटार, मग पायी. सरकारनं जनावरांसाठी राखलेलं रान, शंभर कोसांत गाव नाही. तिथं सिंह मारायचा नाही; त्याचा फोटो काढायचा. बंदूक असेल ती नुसती जवळ असावी म्हणून. "माझं डोकं कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात असेल, तेव्हा माझ्या जिवाची राखण भिमाजीच्या डोळ्यांकडे."

मी पत्राची घडी केली. नूरमहंमद जमिनीकडं बघत होता. आत्याबाई माळ ओढायच्या थांबल्या.

"मारायचा न्हाई?" शेजारची अंबूबाई म्हणाली. "मग येवढं समुद्र वलांडून जायचं ते काय त्येला दृष्ट काडायला?"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं हे हसले. "साहेबाला सांगा म्हनावं, भिमाजी येतोय."

मग दोन महिने आमच्या घरी रीघ लागली. अंबूबाईला गुडघ्यासाठी सिंहाची चरबी हवी होती, मारायचा नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग आयता मेलेला गावला तर बगा." गेणू न्हाव्याला नातवाच्या गळ्यात बांधायला नख हवं होतं. जो तो यायचा, ह्यांच्या पाठीवर थाप मारायचा, आणि जाताना माझ्याकडं बघून घाईनं वहाणा शोधायला लागायचा. सगळ्यांना ठाऊक. सगळं गाव मिळून एका माणसाला सिंहापुढं पोचवायला निघालं होतं, ते निव्वळ भिडेपोटी.

साहेबानं बंगल्यावर बोलावून पुस्तकातली चित्रं दाखवली, ते नूरमहंमदनं मला सांगितलं. पट्ट्यापट्ट्यांच्या घोड्यांचा कळप होता. साहेबानं विचारलं, "कैसा है?" हे म्हणाले, "लय दांडगा नर हाय, साहेब. आयाळ बगा की." नूरमहंमदच्या खोकल्यात घोड्याची खूण नव्हती.

"मग?" मी विचारलं.

"साहेब पोट धरून हासला, वैनी. म्हनला, भिमाजी मस्करी करतो."

नूरमहंमद हसला. मीही हसले. दोघंही एकमेकांकडं न बघता हसलो, आणि मग तो टांग्याच्या घोड्याला काही दुखतंय का ते बघायला उठून गेला.

ह्यांची तयारी मात्र जोरात. साहेबानं दोन जातींची काडतुसं सरावाला दिली होती. एकाच्या टोकाला शिसं उघडं, दुसऱ्याला वरनं धातूचं कवच. कुठल्या जनावराला कुठलं, ते ठरलेलं. मागितलं की तेच हातात द्यायचं. हे दुपारी ओसरीवर बसून पिशवीत हात घालायचे, बोटाच्या पेरानं टोक चाचपायचे आणि पुटपुटायचे, "नरम... कडक... कडक... नरम." एकदाही चुकले नाहीत. मी भिंतीआडनं मोजत होते. एकदा तरी चुका, असं देवाला म्हणत होते. हुशारी इतकी होती, की तीच वैरी झाली होती.

एका दुपारी धीर करून मी तांदूळ निवडायला जवळ जाऊन बसले.

"तितली हवा सोसंल का तुमास्नी?"

"हवा कुटली बी हवाच आस्ती."

"न्हाई गेलं तरी चालंल की. साहेब काय रागावनार न्हाई."

त्यांचा हात पिशवीत थांबला. "आन् हितं ऱ्हाऊन काय करू? वट्यावर बसू? येनारा-जानारा रामराम घालंल, म्या कोन रं म्हनून इचारू?"

इतक्या जवळ ते कधी आले नव्हते. माझ्या तोंडाशी आलं होतं. त्यांनी तोंड माझ्याकडं केलं, म्हणजे माझ्या आवाजाकडं, जरा डावीकडं चुकलेलं.

"बोल की," ते म्हणाले. "काय म्हनत हुतीस?"

"काय न्हाई. परवासाला दशम्या किती बांदू?"

"बांद पन्नास," असं म्हणून ते परत काडतुसं चाचपायला लागले.

बोट सुटायला आठ दिवस राहिले तेव्हा नूरमहंमद घाईघाईनं आला. परड्यात मी गोवऱ्या लावत होते, तिथंच उभा राहिला.

"वैनी, घोटाळा झालाय. साहेबाला तालीम करायचीय. उद्या सकाळी, वरल्या माळावर. म्हनतो, आफ्रिकंतलं गवात आस्संच पिवळं आस्तं. कॅमेरा लावनार. आन् मला पिवळं कांबळं पांगरून शिंव करनार."

"तुमाला?"

"व्हय. म्या गवतातनं दबत यायचं, आन् भिमानं वळखायचं कुटनं आलो त्ये. आता शिंवानं खोकून कसं चालंल?"

हसू यायला हवं होतं. दोघांनाही आलं नाही.

"तुमी गवात कापाया तितं या," तो म्हणाला. "साहेबाच्या मागं बसा. वैनी, खूण ठाव हाय न्हवं? येक डावी, दोन उजवी."

मला ठाऊक होती. हे झोपेत कूस बदलायचे तेव्हासुद्धा ती माझ्या डोक्यात वाजत असायची.

दुसऱ्या दिवशी विळा घेऊन मी माळावर गेले. चैत्राचं ऊन, कमरेएवढं वाळलेलं गवत, मधेमधे काळे कातळ. साहेब आमच्या आधीच आलेला. तीन पायांच्या घोडीवर कॅमेरा, त्याला काळं कापड. हे शेजारी उभे. खांद्याला रिकामी बंदूक, साहेबानं दिलेला खाकी कोट, डोक्याला नवा पटका. इतके देखणे दिसत होते, की मला रडूच आलं. सूर्य आमच्या पाठीशी होता. मी दहा हातांवर गवतात बसले आणि विळा नुसता हलवत राहिले.

साहेबानं शिट्टी वाजवली. लांबच्या उतारावरनं नूरमहंमद कांबळं पांघरून ओणवा झाला. गवत हललं. थांबलं. पुन्हा हललं, आणि उजवीकडच्या कातळाआडनं त्याचं पिवळं टोक निघालं.

मी दोनदा खोकले.

ह्यांचं बोट झपकन उजवीकडं गेलं. "तितं, साहेब! कातळाच्या आंगाला!"

साहेबानं कॅमेरा वळवला, कापडात डोकं घातलं आणि आतनंच ओरडला, "शाबास! क्या नजर है!" बाहेर येऊन त्यानं ह्यांचा हात हातात घेतला. साहेब म्हातारा झाला होता. त्याचे डोळे भरून आले होते. मोडक्या हिंदीत म्हणाला, घरी सगळे भीती घालतात. म्हणतात, या वयात सिंहाच्या इतक्या जवळ जाऊ नकोस. पण वहां तुम और हम. दुसरा कोई नहीं. तुम है तो हमको डर नहीं.

दुसरा कोई नहीं.

हे मला आधी ठाऊक नव्हतं असं नाही. पण रात्रंदिवस मी बोटीची काळजी केली होती, हवेची केली होती, दशम्यांना बुरशी येईल याचीसुद्धा केली होती. आता पहिल्यांदाच ती जागा माझ्या डोळ्यांपुढं उभी राहिली. असंच गवत. असाच कॅमेरा. दोन म्हातारे, एक कापडाच्या आत आंधळा, एक बाहेर. आणि मागं दहा हातांवर कुणीही बसलेलं नाही.

"एक बार और," साहेब खुशीत येऊन म्हणाला. त्यानं शिट्टी वाजवली.

या खेपेला नूरमहंमद डावीकडनं आला. बऱ्याच लांबनं वळसा घेऊन, करवंदीच्या जाळीमागनं. मला तो स्वच्छ दिसत होता. त्यालाही मी दिसत होते. त्यानं कांबळ्याखालनं माझ्याकडं बघितलं आणि वाट बघत थांबला.

एकदा खोकायचं. फक्त एकदा.

मी पदराचा बोळा करून तोंडात घातला.

हे मान तिरकी करून उभे होते. कान टवकारलेले. क्षण गेला, दोन गेले. कपाळावर घाम आला, पण चेहरा हलला नाही. मग उजव्या बाजूला कुठंतरी वाऱ्यानं गवत सळसळलं आणि त्यांनी ठामपणे तिकडं बोट केलं. "तितं, साहेब. बसलाय बगा दबून."

साहेबानं कॅमेरा उजवीकडं फिरवला आणि कापडात शिरला. "किधर? भिमाजी, कुछ दिखता नहीं."

"हाय की. नीट बगा. हलू नका."

नूरमहंमद पुढं आला. पन्नास पावलं, तीस, वीस. मधेच त्याला राहवलं नाही आणि त्यानं घसा खाकरला, पण साहेब त्याच वेळी "किधर, किधर" करत होता, ते त्यातच विरलं. तो येतच राहिला. उभा राहून, उघड उघड, कांबळं खांद्यावरनं फरफटत. सिंहासारखं चालायचं तो विसरून गेला होता. ह्यांच्यापासून पाच पावलांवर येऊन थांबला, आणि हे अजून पलीकडच्या रिकाम्या गवताकडं बोट रोखून उभे.

साहेब कापडातनं बाहेर आला. चष्मा पुसत वळला. त्यानं नूरमहंमदला बघितलं. मग ह्यांच्या बोटाकडं. मग ह्यांच्या तोंडाकडं, पुष्कळ वेळ.

टिटवी तेवढी ओरडून गेली.

"ऊन लय हाय, साहेब," नूरमहंमद शेवटी म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. "डोळं दिपत्यात."

ऊन आमच्या पाठीवर होतं. साहेबानं मागं वळून सूर्याकडं बघितलं, आणि माझ्या देखत तोही आमच्यातलाच एक झाला. "हां," तो म्हणाला. "हां, हां. धूप बहुत है."

ह्यांचं बोट हळूहळू खाली आलं. नूरमहंमदचा आवाज कुठनं आला, किती जवळनं आला, ते त्यांना कळलं होतं. त्यांनी बंदूक खांद्यावरनं काढून जमिनीवर टेकवली. मग वळले. साहेबाकडं नव्हे, नूरमहंमदकडंही नव्हे. मी बसले होते तिकडं, या खेपेला अगदी बरोबर.

"खोकली का न्हाईस?" त्यांनी विचारलं.

रागानं नव्हे. पोरानं विचारावं तसं. म्हणजे त्यांना पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं. नूरमहंमदचा खोकला, हाकेकऱ्यांचे काटे, पाट्याची जागा. आम्ही त्यांच्यापासून लपवत होतो, आणि ते आम्ही लपवतोय हे आमच्यापासून लपवत होते.

विळा बाजूला ठेवून मी उठले. चारचौघांत, परक्या माणसादेखत, नवऱ्याच्या कोटाची बाही धरली.

"तितं कोन खोकनार हाय?" मी म्हणाले. "तुमास्नी दिसत न्हाई वो."